गाडी पकडायची, पण गाडी ठेवायची कुठे?

सकाळचे सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. डोंबिवली पूर्वेच्या एका वाहनतळाच्या तोंडाशी स्कूटर येऊन थांबते. स्कूटरवरच्या बाईंच्या खांद्याला पर्स, पायाशी डब्याची पिशवी आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. आठ-चारची फास्ट पकडायची आहे. पण फाटकाशी बसलेला माणूस पावतीपुस्तक उघडतच नाही. हातानेच ‘नाही’ अशी खूण करतो.

‘‘ताई, फुल झालं. मघाशीच.’’

‘‘अहो दादा, महिन्याचा पास आहे माझा!’’

‘‘पास आहे हो, पण जागा नको का? सातला आला असतात तर कुठंही बसवली असती.’’

वाद घालायला वेळ नसतो. बाई स्कूटर वळवतात. पहिल्या गल्लीत ‘नो पार्किंग’. दुसरीत सम-विषम तारखांची पाटी, आणि आज नेमकी तारीख उलटी. तिसरीत एका दुकानाच्या शटरवर रंगवलेले, ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ शेवटी एका इमारतीच्या कुंपणालगत, दोन मोटारसायकलींच्या फटीत स्कूटर कशीबशी घुसते. हँडल लॉक करून बाई धावत सुटतात. जिना चढून पुलावर पोहोचतात तेव्हा आठ-चार फलाटावरून हलत असते.

ही बाई कोण, हे विचारण्याचे कारण नाही. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार, जिथे जिथे माणसे लोकलवर जगतात, तिथे प्रत्येक इमारतीत अशी एक तरी सापडेल. तिची नोकरी मुंबईत फोर्टला, नवऱ्याची ठाण्याला. घर एमआयडीसीच्या बाजूला, स्टेशनपासून अडीच-तीन किलोमीटरवर. अठ्ठेचाळीस किलोमीटरचा लोकलचा प्रवास ती वर्षानुवर्षे विनातक्रार करते. तिला रोज रडवतात ते घर ते स्टेशन हे तीन किलोमीटर!

स्टेशन आधी, गाव मागाहून

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. या मार्गांवरची जुनी स्टेशने बांधली गेली तेव्हा प्रवासी पायी येत. फार तर टांगा किंवा बैलगाडी. स्टेशनबाहेर वाहने उभी करायला मैदान हवे, हे त्या काळी कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

पुढे स्टेशनभोवती गावे वाढली. पहिल्या चाळी आणि इमारती साहजिकच स्टेशनला चिकटून उभ्या राहिल्या. बाजार, बँका, शाळा, दवाखाने सगळे त्याच दोन-तीन रस्त्यांवर. स्टेशनच्या पायरीपर्यंत दुकाने आली. मग जवळची घरे महागली आणि नोकरदार माणूस दूर सरकला. बिल्डरच्या जाहिरातीत मात्र प्रत्येक इमारत ‘स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर’च राहिली. ही पाच मिनिटे पहाटे तीन वाजता, रिकाम्या रस्त्यावर, वाऱ्याच्या वेगाने जाणाऱ्याची, हे घर घेतल्यावर कळते.

चालत जाणाऱ्याच्या आवाक्याबाहेर घर गेले तेव्हा पहिल्यांदा आली सायकल. प्रत्येक स्टेशनाबाहेर पत्र्याची शेड, लाकडी फळीवर खडूने लिहिलेले आकडे आणि सुट्ट्या नाण्यांत भागणारे भाडे, असे सायकल स्टँड एका पिढीने पाहिले आहेत. त्याच शेडमध्ये पुढे लुना आली, मग स्कूटर, मग मोटारसायकल. सायकली गेल्या, शेडची जागा मात्र तेवढीच राहिली. काही ठिकाणी तर पुलाचा जिना, तिकीटघर किंवा रिक्षा स्टँड यांच्यासाठी तीही कापली गेली.

नवी मुंबईचे उदाहरण याच्या उलट आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने शहर आखतानाच स्टेशनांसाठी जागा राखली. रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली, तेव्हा स्टेशनाबाहेर बस, रिक्षा आणि खासगी वाहने यांच्यासाठी वेगवेगळी जागा होती. त्या शहरातही आज गर्दीच्या वेळी वाहने जागा शोधत फिरतात, पण निदान शोधायला जागा आहे. जुन्या उपनगरांत ती मुळातच नव्हती.

एक जागा, दिवसभर एकच माणूस

बाजारातल्या वाहनतळात एका जागेवर दिवसभरात दहा गाड्या येऊन जातात. कुणी भाजी घेतो, कुणी बँकेचे काम उरकतो, अर्ध्या तासात जागा मोकळी. स्टेशनावर मात्र सकाळी सातला लागलेली गाडी रात्री आठ-नऊला निघते. बारा-बारा तास एक जागा एकाच माणसाची. म्हणून सकाळी आठपर्यंत वाहनतळ भरला की तो दिवसभर भरलेलाच. नऊच्या किंवा दहाच्या गाडीने जाणाऱ्याला तिथे जागा मिळण्याची शक्यता जवळपास नाहीच.

मासिक पासाचे कोडेही इथेच आहे. पुष्कळ ठिकाणी पास म्हणजे आत येण्याची परवानगी असते, जागेची हमी नव्हे. रोज सगळेच पासधारक येत नाहीत, या हिशेबाने जागेपेक्षा जास्त पास दिले जातात. सोमवारी सगळे येतात आणि मग फाटकावर भांडणे होतात.

आता थोडे गणित. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर, म्हणजे दोन चौरस मीटर पुरतात. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी. सायकली तर त्याहून कितीतरी अधिक.

समजा, स्टेशनाबाहेर एक हजार चौरस मीटरचा मोकळा तुकडा मिळाला. गर्दीच्या उपनगरात ही चैनच म्हणायची. त्यातली निम्मी जागा गाड्या आत-बाहेर नेण्यासाठी सोडली, तर उरलेल्या जागेत एक तर ४० मोटारी राहतील किंवा २५० दुचाकी. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार हजारांहून अधिक माणसे कोंबलेली असतात. म्हणजे त्या मैदानातल्या अडीचशे दुचाकींचे सगळे मालक एका लोकलच्या एका डब्यात मावतील आणि वर जागा उरेल. चाळीस मोटारींचे मालक तर डब्याच्या दोन दारांमधल्या मोकळ्या जागेतच उभे राहतील! आणि अशी लोकल दर तीन-चार मिनिटांनी सुटत असते.

मुंबईच्या लोकलने कोविडपूर्वी रोज सुमारे ७५ लाख प्रवासी ये-जा करत. त्यांतल्या दहातल्या एकाने जरी स्वतःचे वाहन स्टेशनावर आणायचे ठरवले, तरी उपनगरे खोदून काढली तरी जागा पुरणार नाही. पार्किंग वाढवा, ही मागणी चुकीची नाही. पण नुसती जागा वाढवून हा प्रश्न सुटेल असे मानणे म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवण्यासारखे आहे.

डबा भरणारीला जागा नाही

मग जी थोडी जागा आहे, ती कुणाला मिळते? उत्तर सोपे आहे, जो आधी येतो त्याला. वरवर पाहता हा अगदी न्याय्य नियम. पण आधी कोण येऊ शकतो?

डोंबिवलीच्या त्याच घरात डोकावून पाहावे. नवरा सव्वासातला मोटारसायकल काढतो. आंघोळ, चहा, पेपरची पहिली दोन पाने आणि हातात आयता डबा. साडेसातला त्याची गाडी वाहनतळात, तीही फाटकाजवळ, सावलीत. बायको पाचला उठलेली असते. दोघांचे डबे, मुलाची शाळेची तयारी, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवणे, कामवाली आली नाही तर भांडी. हे सगळे आटोपून तिची स्कूटर निघते पावणेआठला. एकाच घरातल्या दोन गाड्या, एकाच स्टेशनला निघालेल्या. एकीला जागा मिळते, दुसरीला मिळत नाही. मधला फरक फक्त अर्ध्या तासाचा, आणि तो अर्धा तास ओट्याशी गेलेला असतो.

संध्याकाळी त्याच अर्ध्या तासाचे व्याज भरावे लागते. उशिरा आलेल्या गाडीला जागा मिळाली तरी ती मिळते कोपऱ्यात, दिव्यापासून लांब, नाल्याच्या कडेला. रात्री साडेआठला परतल्यावर पुढच्या चार मोटारसायकली हलवल्याशिवाय स्कूटर निघत नाही. राखणदार जेवायला गेलेला. पर्स सांभाळत, पदर किंवा ओढणी आवरत, दुसऱ्याच्या जड गाड्या ओढायच्या. पावसाळ्यात सीट भिजलेली, प्लग ओला, बटणाने चालू होत नाही आणि किक मारून पायात गोळे येतात. कधी आरसा गायब, कधी पेट्रोल कमी, कधी डिकीचे कुलूप उचकटलेले. हेल्मेट गाडीला लटकवावे तर चोरीची भीती आणि लेडीज डब्यात घेऊन चढावे तर शेजारणीच्या बरगडीत बसते.

‘‘अगं, मग रिक्षानं जात जा ना,’’ असे घरी सहज म्हटले जाते.

‘‘अहो, रांगेत वीस मिनिटं उभं राहून? आणि रोजचे दोन्ही वेळचे पैसे धरलेत का?’’

तिचे म्हणणे हिशेबाला धरून आहे. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचे किमान भाडे २३ रुपयांवरून २६ रुपये झाले. त्याच वर्षी लोकलचे दुसऱ्या वर्गाचे कमीत कमी तिकीट मात्र ५ रुपयेच होते. लोकलने कितीतरी किलोमीटर जा, पाच रुपये. घरापासून स्टेशनला मीटरने जा, सव्वीसच्या पुढे. शेअर रिक्षाने हा खर्च कमी होतो, पण तिथेही रांग, आणि पाऊस पडला की रिक्षाच दिसत नाहीत. म्हणूनच पगारातून, भिशीतून पैसे साठवून बायका स्कूटर घेतात. ती त्यांची हौस नसते, वेळेवर घरी पोहोचण्याची सोय असते. मुलाच्या शाळेतून फोन आला तर कुणाची वाट न पाहता पोहोचता यावे, यासाठी असते. स्टेशनावर जागा नाही म्हणून अशी स्कूटर घरी धूळ खात पडली, तर तोटा पैशांपेक्षा मोठा आहे. काहीजणी गावातल्या गावात कमी पगाराची नोकरी धरतात, त्यामागे लोकलच्या गर्दीइतकेच हे तीन किलोमीटरही असतात.

मालक किती?

स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की दर पन्नास पावलांवर मालक बदलतो. आवार रेल्वेचे. रस्ता आणि पदपथ महापालिकेचे. वाहने कुठे उभी करायची, उचलायची, हे वाहतूक पोलिसांकडे. रिक्षा स्टँड परिवहन खात्याच्या परवानगीने. वाहनतळ चालवणारा ठेकेदार वेगळाच. रेल्वेच्या जागेतला वाहनतळ निविदा काढून ठेक्याने दिला जातो. जास्तीत जास्त रक्कम देणाऱ्याला ठेका मिळाला की त्याचे लक्ष रक्कम वसूल करण्याकडे असणार, हे उघड आहे. मग मार्गिका सोडायच्या जागेतही गाड्या लावल्या जातात.

आणि इथे जीवघेणा धोका आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. स्टेशनला येणाऱ्या-जाणाऱ्या वाटा मोकळ्या असणे म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. पण फेरीवाले उठलेल्या जागी दुसऱ्या दिवशी दुचाकींची रांग लागली, तर चालणाऱ्याच्या वाट्याला काय आले? जिन्याच्या तोंडाशी ‘पाचच मिनिटं’ म्हणून लावलेली मोटारसायकल रुग्णवाहिकेचीही वाट अडवते. जागा मिळत नाही ही अडचण खरी, पण त्यामुळे दुसऱ्याची वाट अडवण्याचा हक्क मिळत नाही.

महिनोन्महिने पडून राहिलेल्या बेवारस गाड्या हा आणखी एक त्रास. मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांत मोटारी आणि स्कूटरचा वापर झाला होता. त्यामुळे बेवारस गाडी म्हणजे फक्त अडलेली जागा नसते, पोलिसांच्या आणि प्रवाशांच्या डोक्याला तो घोर असतो.

पावतीमागची बारीक अक्षरे

‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ हे पाच-सहा मिलिमीटरचे वाक्य जवळपास प्रत्येक पावतीवर असते. गाडी चोरीला गेली की ठेकेदार तेच बोट ठेवून दाखवतो आणि मालक मुकाट्याने परततो. पण छापलेले वाक्य म्हणजे कायदा नव्हे.

आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर त्याने ती शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू जपावी तशी जपली पाहिजे, असे १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या आवारातून १९९८ साली पाहुण्याची मोटार चोरीला गेली होती. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. अर्थात तिथे किल्ली आणि ताबा दोन्ही दिलेले होते. स्टेशनावरच्या वाहनतळात किल्ली बहुधा मालकाच्याच खिशात असते. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात पावती काय म्हणते, राखण कोण करत होते, आत-बाहेर जाताना तपासणी होत होती का, हे पाहिले जाते. म्हणूनच काही साध्या गोष्टी पाळाव्यात.

पावती नेहमी घ्यावी आणि ती गाडीच्या डिकीत नव्हे, पर्समध्ये ठेवावी. पावतीवर गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ आहे का, ते पाहावे. दरफलकावरच्या दरापेक्षा जास्त पैसे मागितले तर फलकाचा फोटो काढून स्टेशन मास्तरांकडे किंवा जागा महापालिकेची असेल तर प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. गाडी जागेवर दिसली नाही तर आधी वाहतूक पोलिसांनी उचलली का, याची चौकशी करावी. चोरीच झाली असेल तर लगेच तक्रार नोंदवावी. ‘हे लोहमार्ग पोलिसांकडे’, ‘हे शहर पोलिसांकडे’ अशी टोलवाटोलवी झाली तरी गप्प बसू नये. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्याने त्याची खबर नोंदवून घ्यायची आहे.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, हे पॉलिसी घेतानाच ध्यानात घ्यावे. भरपाई देताना कंपन्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली घरात कुठे आहे, हे आजच पाहून ठेवलेले बरे.

इतरांनी काय केले?

कोलकात्याच्या उपनगरी स्टेशनांभोवती एक जुनी, साधी सोय दिसते. स्टेशनजवळच्या घरांचे मालक आपल्या अंगणात, पडवीत, तळमजल्यावर सायकली ठेवून घेतात. सकाळी सायकल द्यायची, बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी बिल्ला देऊन सायकल न्यायची. तिथे या जागांना ‘सायकल गॅरेज’ म्हणतात. सरकारी जागेचा एक इंच न वापरता हजारो लोकांची सोय होते आणि घरमालकाची चूलही पेटते.

जपानमध्ये स्टेशनांबाहेर सायकलींचे ढीग साचू लागले, तेव्हा १९८० साली त्यासाठी वेगळा कायदा झाला. ही जबाबदारी एकट्या पालिकेवर न टाकता रेल्वेनेही त्यात साथ द्यावी, असे ठरले. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट स्टेशनखाली २०१९ साली पूर्ण झालेल्या तळघरात साडेबारा हजार सायकली राहतात. तो देश श्रीमंत, हे खरे. पण तिथेही स्टेशनालगतची सर्वांत मोलाची जागा मोटारीला नव्हे, सायकलीला दिली गेली, हे विसरू नये.

आपल्या देशानेही कागदावर हेच ठरवले आहे. २००६च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचा गाभाच असा की, वाहने नव्हे, माणसे हलली पाहिजेत. ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला बससाठी वरचा मजला बांधला, तो याच विचाराने. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा अंधेरी आणि घाटकोपरला कितीतरी माणसे वाहन न आणता थेट लोकलच्या पुलावर उतरू लागली. मोठ्या गृहसंकुलांनी स्वतःची बस ठेवल्याची उदाहरणेही ठाणे, कांदिवलीकडे आहेत. सकाळी-संध्याकाळी ठरलेल्या वेळी बस, वर्गणी रहिवाशांची. एक बस चाळीस-पन्नास माणसांना सोडून जागा न अडवता परत जाते.

म्हणजे क्रम कसा हवा, हे स्पष्ट आहे. स्टेशनच्या दाराशी पहिला मान पायी चालणाऱ्याचा. मग बसचा. मग रिक्षाचा. मग सायकल आणि दुचाकी, त्यातही दिव्याखालच्या, फाटकाजवळच्या काही रांगा बायकांसाठी आणि अपंगांसाठी दहा वाजेपर्यंत राखलेल्या. मोटार सर्वांत शेवटी आणि सर्वांत लांब. यासाठी नव्या जमिनीची गरज नाही. ठेक्याच्या करारात चार कलमे वाढवावी लागतील आणि ती पाळली जातात की नाही, हे पाहणारा अधिकारी लागेल.

घरातली वाटणी

सरकारी कलमे बदलायला वेळ लागतो. घरातली कलमे मात्र रात्रीच्या जेवणावर बदलता येतात.

डोंबिवलीच्या त्या घरातही एका रात्री तसेच झाले. कुंपणालगत लावलेल्या स्कूटरची हवा कुणीतरी सोडली होती. बाई अंधारात ती ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत गेल्या आणि साडेनऊला घरी पोहोचल्या. नवरा साडेआठलाच येऊन टीव्हीसमोर बसला होता.

‘‘अगं, फोन करायचास. आलो असतो ना.’’

‘‘फोन करून काय होणार होतं? तुमची गाडी सकाळी फाटकाशी लागते, माझी गल्लीत. का, ते ठाऊक आहे ना?’’

सासूबाई मध्ये बोलल्या, ‘‘अरे, दोघांना एकाच ठिकाणी जायचं, मग दोन गाड्या कशाला? डबे तू भर, पोळ्या ती करेल. निघा दोघं मिळून.’’

पहिल्या दिवशी भाजी डब्याबाहेर सांडली. दुसऱ्या दिवशी चमचा राहिला. तिसऱ्या दिवसापासून सात-वीसला दोघे एकाच स्कूटरवरून निघू लागले. दोन किल्ल्या, दोघांकडे एकेक. संध्याकाळी आधी पोहोचणारी बहुधा तीच असते, ती स्कूटर घेऊन येते. तो मागाहून शेअर रिक्षाने येतो. रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटे उभे राहणे म्हणजे काय, हे आता त्यालाही कळले आहे. महिन्याचे पेट्रोल आणि एक पास वाचला, हा वेगळा फायदा.

दोन गाड्यांच्या ठिकाणी एक, म्हणजे वाहनतळात एक जागा मोकळी झाली. ती आता कुणाला मिळते, ते त्यांना ठाऊक नाही. कदाचित पावणेआठला धापा टाकत येणाऱ्या दुसऱ्या कुणा बाईला मिळत असेल.

‘‘काय ताई, हल्ली लवकर?’’ फाटकावरच्या माणसाने पावती फाडता फाडता विचारले.

‘‘हो दादा, हल्ली डबे हे भरतात,’’ बाई म्हणाल्या आणि न धावता जिन्याकडे वळल्या.